लॅरी होम्स किती मोठा? नाशिकच्या बॉक्सिंगवेड्यांचे नेहमीचे प्रश्न

सिडकोतला संध्याकाळचा सराव संपल्यावर, देवळाली कॅम्पातल्या निवृत्त फौजी मंडळींमध्ये, रविवारी मिसळीच्या टेबलावर, कुठेही हेवीवेटचा विषय निघाला की दोनच नावं येतात: अली आणि टायसन. या दोघांच्या मध्ये सात वर्षं लॅरी होम्स जगज्जेता होता. त्याला तिसरं नाव म्हणून मान मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. ते मांडलं की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत.

हा होम्स नक्की कोण?

जन्म ३ नोव्हेंबर १९४९, जॉर्जिया राज्यातल्या कथबर्टचा. वाढला पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन या कारखान्यांच्या गावात. बारा भावंडांतला एक. सातवीत शाळा सुटली आणि तो गाड्या धुवायच्या कामाला लागला. १९७३ मध्ये व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये उतरला. ९ जून १९७८ रोजी विजेतेपद जिंकलं, ते २१ सप्टेंबर १९८५ ला गमावलं. मधल्या काळात ते २० वेळा राखलं. हेवीवेटमध्ये सलग याहून जास्त वेळा राखणारा एकच, जो लुईस, २५ वेळा. होम्सची सगळी कारकीर्द धरली तर ७५ लढती, ६९ विजय, ६ पराभव, ४४ नॉकआउट.

मग आमच्या पोरांना त्याचं नाव का माहीत नाही?

एक म्हणजे तो अलीनंतर आला. अलीनंतर जो कोणी त्या जागी उभा राहिला असता त्याची तुलना होणारच होती, आणि अलीसारखं बोलणं, चिडवणं, कविता करणं होम्सला जमणारं नव्हतं.

दुसरं कारण आजचं आहे. पोरं बॉक्सिंग मोबाइलवर, अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत बघतात. टायसनचा नॉकआउट त्यात मावतो. होम्सने एखाद्याला अकराव्या राउंडपर्यंत डाव्या हाताने पोखरत नेलं, हे त्यात मावत नाही. ज्याचं कसब अर्ध्या तासात दिसतं तो खेळाडू अर्ध्या मिनिटात सामान्यच वाटणार. याचा दोष पोरांना देण्यात अर्थ नाही. त्यांना पूर्ण लढत बसवून दाखवणं हे आपलं, मोठ्यांचं काम आहे.

विजेतेपद त्याला आयतं मिळालं ना? अली तर तेव्हा हरला होता.

हा आरोप मला सर्वांत जास्त खटकतो. फेब्रुवारी १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सने अलीला हरवलं. त्यानंतर ठरलेल्या आव्हानवीराशी, म्हणजे केन नॉर्टनशी, लढायचं सोडून स्पिंक्सने अलीशीच पुन्हा लढायचं ठरवलं. म्हणून डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेने त्याचा विजेतेपदाचा पट्टा काढून नॉर्टनला दिला. आयता पट्टा कोणाला मिळाला असेल तर तो नॉर्टनला. होम्सने आधी अर्नी शेव्हर्सला १२ राउंडांत गुणांवर हरवलं आणि मग नॉर्टनसमोर उभं राहण्याचा हक्क मिळवला. नॉर्टन म्हणजे १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडणारा माणूस, हेही विसरू नका.

लढत लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये झाली. जेमतेम आठवडाभर आधी सरावात होम्सच्या डाव्या दंडाचा स्नायू दुखावला होता. ज्या हातावर त्याचा सगळा खेळ उभा, तोच हात. बाहेर कळू न देता तो रिंगमध्ये उतरला. सुरुवातीचे राउंड त्याने जॅबवर, म्हणजे पुढच्या डाव्या हाताच्या सरळ ठोशावर, घेतले. नंतर नॉर्टन पुढे सरकत, पोटात मारत, हळूहळू बरोबरीला आला. चौदा राउंड झाले तेव्हा तिन्ही जजेसच्या कागदावर दोघांचे गुण समान होते.

पंधरावा राउंड मी आमच्याकडे सरावाला येणाऱ्या पोरांना दोनदा दाखवतो. पहिल्यांदा फक्त पाय बघायला सांगतो, दुसऱ्यांदा हात. चौदा राउंड खेळलेल्या माणसाचे पाय जमिनीला चिकटतात, हे साहजिकच आहे. पण इथे दोघंही जागेवर उभे राहून एकमेकांना ठोसे देतात, मागे कोणीच हटत नाही. नॉर्टनचा वरून वळून येणारा उजवा होम्सला हलवतो आणि होम्सचे खालून वर येणारे अपरकट नॉर्टनची मान मागे फेकतात. अखेरच्या काही सेकंदांत होम्सचे ठोसे जड पडतात. दोन जजेसनी तो राउंड होम्सला दिला, एकाने नॉर्टनला. निकाल १४३-१४२, १४३-१४२ आणि उलट बाजूने १४३-१४२. एका राउंडवर विजेतेपद फिरलं आणि तो राउंड होम्सने दुखऱ्या हाताने काढला. याला आयतं म्हणायचं?

जॅब तर सगळेच मारतात. होम्सच्या जॅबमध्ये एवढं काय?

जुन्या तालमीतली माणसं हे विचारतात तेव्हा त्यांना कुस्तीच्या भाषेत सांगतो. खडाखडीत जो पैलवान मनगटावर ताबा मिळवतो तो पुढची कुस्ती आपल्या मनासारखी नेतो. डाव नंतर लागतो, पण कोणता डाव लागणार हे तिथेच ठरतं. होम्सचा जॅब हे काम करायचा. समोरच्याने पुढे यायचं ठरवलं की तोंडावर जॅब. थांबायचं ठरवलं तरी जॅब. तिसऱ्या-चौथ्या राउंडपर्यंत समोरचा स्वतःचा विचार करणंच सोडून द्यायचा.

आता आमच्या सरावाच्या हॉलमधली गोष्ट. सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी करून एक पोरगा आमच्याकडे येतो, खांद्याने चांगला मजबूत. तो बॅगवर जॅब मारतो तेव्हा बॅग लांब जाते आणि झुलत परत येते. त्याला वाटतं जोर लागला. खरं तर तो बॅगला ढकलत असतो. ठोसा लागला की हात तिथेच क्षणभर रेंगाळतो, कोपर बाहेर फाकलेलं असतं आणि हनुवटी उघडी. नीट जॅब बसला की बॅग झुलत नाही, जागच्या जागी हादरते आणि वरची साखळी खणकते. मूठ शेवटच्या वितीवर वळते, लागते आणि गेली त्या रेषेनेच परत येते. मी पोरांना बॅगकडे बघू नका, साखळीचा आवाज ऐका म्हणतो. होम्सचा जॅब असा होता, आणि तो असा जॅब एका राउंडमध्ये दोन-तीनदा नव्हे तर सतत, पाय हलते ठेवून, पंधरा राउंड मारू शकायचा. सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाला लांब हात मिळतो. ही परतीची गती मिळत नाही, ती कमवावी लागते.

त्यात एक खोटही होती. वेगासाठी तो डावा हात बराच खाली ठेवायचा. जॅब परत येताना तोंडाची डावी बाजू उघडी पडायची आणि वरून येणारा उजवा ठोसा त्याला सापडायचा. शेव्हर्सने १९७९ मध्ये त्याला असंच पाडलं, रेनाल्डो स्नाइप्सने १९८१ मध्ये पाडलं, पुढे टायसननेही. त्यामुळे जॅब शिकायला होम्सला बघा, पण तो हात कुठे ठेवायचा ते त्याच्याकडून शिकू नका.

अली ३८ वर्षांचा आणि आजारी होता. त्याला हरवण्यात कसला मोठेपणा?

मोठेपणा नाहीच. होम्सनेही तो कधी मिरवला नाही.

२ ऑक्टोबर १९८० ची ती लढत. अली दोन वर्षं रिंगबाहेर होता. वजन उतरवून, केस काळे करून तो देखणा दिसत होता, पण थायरॉइडच्या गोळ्यांनी त्याच्या अंगातली ताकद गेली होती. होम्स एकेकाळी अलीच्याच छावणीत त्याचा सराव-जोडीदार होता, तिथेच तो घडला. अलीच्या ठोशाने काळा पडलेला डोळा त्याने अभिमानाने मिरवला होता. त्याच माणसासमोर त्याला उभं केलं गेलं. दहा राउंडांत एकही राउंड अलीच्या नावावर लागला नाही. मधेच होम्स रेफ्रीकडे बघताना दिसतो, आता तरी थांबवा असं सांगितल्यासारखा. शेवटी अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने त्याला कोपऱ्यातून उठू दिलं नाही. लढत अशी अर्ध्यावर थांबून अली हरल्याची त्याच्या कारकिर्दीतली ही एकच वेळ. नंतर होम्स अलीच्या खोलीत गेला आणि रडला.

लढत सोडायला हवी होती, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. अलीला परवानगी देणारे, तपासणीचे कागद पाहून मान डोलावणारे, तिकिटं विकणारे, हे सगळे दोषी आहेत. समोर उभ्या राहिलेल्या बॉक्सरने अर्धवट लढणं हा अलीचा आणखी मोठा अपमान झाला असता. या लढतीमुळे होम्सला एक गुणही जादा देऊ नका. पण ती त्याच्या नावावर कलंक म्हणूनही धरू नका.

टायसनने त्याला चार राउंडांत झोपवलं. विषय संपला ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वरचा प्रश्नही विचारलेला असतो, म्हणून दोन्ही शेजारी ठेवले.

२२ जानेवारी १९८८ रोजी अटलांटिक सिटीत टायसनसमोर उभा राहिला तेव्हा होम्सचं वय किती होतं? ३८. अलीचं जेवढं होतं तेवढंच. एप्रिल १९८६ नंतर तो लढलाच नव्हता, म्हणजे जवळपास पावणेदोन वर्षं. आणि समोर २१ वर्षांचा टायसन, त्याच्या आयुष्यातल्या सर्वोत्तम काळातला. चौथ्या राउंडमध्ये होम्स तीनदा पडला. ७५ लढतींत तो एवढा एकदाच नॉकआउट झाला.

म्हाताऱ्या अलीला हरवलं म्हणून होम्सला श्रेय नाही, आणि म्हाताऱ्या होम्सला हरवलं म्हणून टायसनला सगळं श्रेय, असं दोन मापांनी मोजता येणार नाही. एक तर दोन्ही लढती मोजा, नाही तर दोन्ही सोडा. मी दोन्ही सोडतो.

आणि थोडं पुढेही बघा. टायसनने २२ नोव्हेंबर १९८६ रोजी पहिला पट्टा कोणाकडून घेतला? ट्रेव्हर बर्बिककडून. मार्च १९८७ मध्ये दुसरा कोणाकडून? जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथकडून. होम्सने बर्बिकला १९८१ मध्ये आणि स्मिथला १९८४ मध्ये विजेतेपदाच्या लढतीत हरवलेलं होतं.

होम्सच्या काळात समोर कोणी तगडा नव्हताच, खरं ना?

जो लुईसबद्दलही त्याच्या काळात हेच म्हणायचे. एकच माणूस सगळ्यांना हरवत सुटला की सगळे दुबळे दिसू लागतात.

होम्सने विजेतेपदाच्या लढतीत हरवलेले चौघं नंतर स्वतः जगज्जेते झाले. बर्बिक आणि स्मिथ वर आलेच. तिसरा माइक वीव्हर: १९७९ मध्ये होम्सने त्याला बाराव्या राउंडमध्ये थांबवलं, पुढच्याच वर्षी वीव्हरने डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा पट्टा जिंकला. चौथा टिम विदरस्पून. तेव्हाचा विजेता नॉर्टन आणि माजी विजेते अली, लिऑन स्पिंक्स हे वेगळेच. विजेतेपद मिळाल्यानंतरच्या पहिल्या आठ बचावांत एकही प्रतिस्पर्धी शेवटच्या घंटेपर्यंत टिकला नाही.

फ्रेझर, फोरमन, नॉर्टन आणि अली एकाच वेळी भरात असलेलं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं रान मात्र होम्सच्या वाट्याला आलं नाही. ते मान्य करावंच लागेल. अलीच्या यादीतली नावं जास्त भारी आहेत आणि माझ्या क्रमवारीत अली वर आहे तो त्यामुळेच.

त्याने कोणाला टाळलं का?

हो. याचं उत्तर होम्सच्या चाहत्यांना आवडत नाही, पण खरं ते लिहायलाच हवं.

विदरस्पूनशी मे १९८३ मध्ये झालेली लढत फार अटीतटीची होती. विदरस्पून तेव्हा अगदी नवखा, पंधरा लढतींचा अनुभव असलेला. निकाल दोन विरुद्ध एक जज असा होम्सच्या बाजूने लागला आणि आजही बरेच जण तो विदरस्पूनला देतात. पुन्हा लढत व्हायला हवी होती, झाली नाही. नॉर्टनलाही दुसरी संधी मिळाली नाही. ग्रेग पेज आणि पिंकलन टॉमस त्या काळातले चांगले बॉक्सर, त्यांच्याशी होम्स कधीच लढला नाही. त्याऐवजी नोव्हेंबर १९८३ मध्ये तो जो फ्रेझरचा मुलगा मार्व्हिस याच्याशी लढला. मार्व्हिसच्या तोवर जेमतेम दहा लढती झाल्या होत्या. लढत पहिल्याच राउंडमध्ये संपली आणि डब्ल्यूबीसीने ती विजेतेपदाची मानली नाही. त्यानंतर होम्सने तो पट्टा सोडला आणि आयबीएफ या नव्या संघटनेचा विजेता झाला. डब्ल्यूबीएचा विजेता गेरी कोत्झी याच्याशी पट्टे एकत्र करण्याची लढत १९८४ मध्ये ठरली होती, तीही बारगळली.

म्हणजे १९८३ नंतरचा होम्स पैशाचं गणित बघून प्रतिस्पर्धी निवडू लागला होता. १९७८ ते १९८२ चा होम्स असा नव्हता. माझी सगळी बाजू त्या पाच वर्षांवर उभी आहे.

शेव्हर्सच्या ठोशाचं एवढं काय सांगता?

२८ सप्टेंबर १९७९, सातवा राउंड. होम्स आरामात पुढे होता. शेव्हर्सचा उजवा हात त्या काळातला सर्वांत जड, अलीनेही त्याचं तोंड भरून कौतुक केलेलं. तो वरून फिरून आला आणि होम्स पाठीवर आपटला. असा पडलेला माणूस उठत नाही. होम्स उठला. पाय सरळ पडत नव्हते, तरी राउंड संपेपर्यंत तगला, आणि अकराव्या राउंडमध्ये शेव्हर्सच लढण्याच्या स्थितीत उरला नाही.

उठल्यावर तो काय करतो ते बघा. तो मारामारीला जात नाही. शेव्हर्सला मिठीत घेतो, श्वास घेतो, दोरांवरून बाजूला सरकतो आणि जमेल तेव्हा पुन्हा जॅब टाकतो. डोकं सुन्न असताना हाताला जे आठवतं तोच तुमचा खरा सराव.

गेरी कुनीबरोबरची लढत एवढी गाजली ती कशामुळे?

दुर्दैवाने रंगामुळे. ११ जून १९८२. कुनी गोरा, उंचापुरा, २५ पैकी २५ लढती जिंकलेला. ‘गोऱ्यांची आशा’ म्हणून त्याची जाहिरात झाली. आव्हानवीर असूनही त्याला विजेत्याइतकेच पैसे मिळाले. रिंगमध्ये विजेत्याचं नाव शेवटी पुकारायचा रिवाज असतो. त्या दिवशी तोही मोडून होम्सचं नाव आधी पुकारलं गेलं. धमक्या एवढ्या की आजूबाजूच्या छतांवर नेमबाज ठेवावे लागले.

एवढ्या दडपणात होम्सने आयुष्यातला सर्वांत शिस्तीचा खेळ केला. दुसऱ्या राउंडमध्ये कुनीला पाडलं आणि मग घाई केली नाही. कुनीच्या डाव्या हुकपासून, म्हणजे बाजूने वळून येणाऱ्या ठोशापासून, लांब राहत त्याला पाण्यात ओढत नेल्यासारखं दमवलं. पट्ट्याखाली मारल्याबद्दल कुनीचे तीन गुण कापले गेले. तेराव्या राउंडमध्ये कुनीचा प्रशिक्षकच रिंगमध्ये शिरला. लढत संपली. पुढे दोघं चांगले मित्र झाले, हे मला त्या निकालाइतकंच मोलाचं वाटतं.

होम्सची एकच लढत निवडायची झाली तर बरेच जण नॉर्टनची निवडतील. मी कुनीची निवडतो. नॉर्टनविरुद्ध त्याची हिंमत दिसते, कुनीविरुद्ध त्याचं सगळं शास्त्र.

मार्सियानोबद्दल तो वाईट बोलला होता ना?

बोलला. रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झाला. होम्स ४८ पैकी ४८ वर होता. एकोणपन्नासावी लढत लिऑनच्या भावाशी, मायकेल स्पिंक्सशी, २१ सप्टेंबर १९८५ रोजी. मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला त्याच दिवशी तीस वर्षं झाली होती आणि त्याचा भाऊ तिथे हजर होता. स्पिंक्स हा लाइट-हेवीवेट या हलक्या वजनगटाचा विजेता. त्या गटाच्या विद्यमान विजेत्याने हेवीवेटचं विजेतेपद त्यापूर्वी कधीच घेतलं नव्हतं. होम्स १५ राउंडांत गुणांवर हरला. त्या रागात मार्सियानोबद्दल त्याच्या तोंडून अत्यंत हलकं वाक्य गेलं. नंतर त्याने माफी मागितली, पण लोकांच्या लक्षात ते वाक्यच राहिलं.

वाक्य चुकीचंच होतं. पण सात वर्षं जिंकूनही अलीएवढं प्रेम न मिळालेल्या माणसाच्या मनात किती साचलं असेल, याचाही विचार व्हावा. खेळाडू किती मोठा हे ठरवताना मी ते वाक्य बाजूला ठेवतो.

मायकेल स्पिंक्सबरोबरच्या दुसऱ्या लढतीचं काय?

एप्रिल १९८६. दोन जज स्पिंक्सकडे, एक होम्सकडे. माझ्या कागदावर होम्स जिंकला.

म्हातारपणी परत येऊन त्याने काय मिळवलं?

बरंच काही. ७ फेब्रुवारी १९९२ रोजी ४२ वर्षांचा होम्स रे मर्सरसमोर उभा राहिला. मर्सर १९८८ च्या सोल ऑलिम्पिकचा सुवर्णपदकविजेता, व्यावसायिक लढतींत अपराजित. होम्सचे पाय गेले होते हे पहिल्या मिनिटात दिसतं. म्हणून त्याने पायांवरचा खेळच सोडला. मुद्दाम कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, पाठ दोरांना लावली, मर्सरला जवळ येऊ दिलं आणि खांद्यांवर, कोपरांवर ठोसे झेलत मधूनच जॅब आणि उजवा टाकत राहिला. बारा राउंडांनंतर तिन्ही जजेसनी त्याला विजयी दिलं. त्यानंतर जूनमध्ये तो इव्हँडर होलीफिल्डकडून हरला, पण पूर्ण बारा राउंड उभा राहून. १९९५ मध्ये ४५ व्या वर्षी ऑलिव्हर मॅक्कॉलकडून अगदी थोडक्या गुणांनी हरला.

चाळिशीनंतर आमच्या हॉलमध्ये येणारे दोन-चार जण आहेत, अंबडच्या कंपन्यांत काम करणारे. त्यांना मी मर्सरची लढत दाखवतो. गती गेल्यावर काय शिल्लक राहतं ते तिथे समजतं.

पंधरा राउंड आणि बारा राउंड, एवढा फरक पडतो?

खूप पडतो. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा बॉक्सर किम दुक-कू १४ व्या राउंडनंतर कोसळला आणि दगावला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने राउंड बारावर आणले, पुढे बाकीच्यांनीही. निर्णय योग्यच होता. पण होम्सचं मोठेपण मोजताना हे लक्षात घ्यावं की नॉर्टनला त्याने हरवलं ते पंधराव्यात आणि कुनीला थांबवलं ते तेराव्यात. आजच्या नियमांत ते राउंड झालेच नसते.

मग तुमची क्रमवारी काय?

अली, जो लुईस, लॅरी होम्स. त्यानंतर फोरमन. मार्सियानो आणि टायसन त्याच्या खाली, कोणत्या क्रमाने यावर माझा हट्ट नाही.

देवळालीच्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांचं म्हणणं असं, की भरातल्या टायसनने, म्हणजे १९८६ ते ८८ च्या टायसनने, इतिहासातल्या कोणालाही हरवलं असतं. ते स्वतः फौजेत बॉक्सिंग केलेले आहेत, त्यांचं मत मी उडवून लावत नाही. पण दोन वर्षांचा भर आणि सात वर्षांचं राज्य यांत मी राज्याला जास्त किंमत देतो. टायसन फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसकडून हरला तेव्हा डग्लसने त्याला सर्वांत जास्त त्रास दिला तो लांब, ताठ, पाय हलते ठेवून मारलेल्या जॅबने. १९८० चा होम्स हे काम डग्लसपेक्षा कितीतरी चांगलं करायचा. आम्हा दोघांचं यावर एकमत होत नाही आणि सुभेदारसाहेब पुढच्या रविवारी पुन्हा हाच विषय काढतात.

अलीचं काय झालं ते बघून मुलाला बॉक्सिंगला पाठवायची भीती वाटते.

भीती रास्त आहे. लहान मुलांच्या हौशी बॉक्सिंगमध्ये राउंड थोडे असतात, डोक्याला संरक्षण असतं आणि रेफ्री लवकर थांबवतो. तरी प्रशिक्षकाला दोन गोष्टी विचाराच: स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, कधी सुरू करणार, आणि डोक्याला मार लागला तर किती दिवस रिंगबाहेर ठेवणार. पहिल्या महिन्यातच मुलाला मोठ्या मुलांसमोर उभं करणारी जागा असेल तर दुसरी शोधा. पहिले काही महिने नुसतं पाय, जॅब, दोरीउड्या आणि सावलीशी सराव एवढंच असावं. मुलं कंटाळतात, कंटाळू द्या.

होम्सच्या लढती बघायच्या तर कुठून सुरुवात करू?

आधी कुनी, पूर्ण तेरा राउंड. मग शेव्हर्सबरोबरची दुसरी लढत. मग नॉर्टन, आणि तो कधीही पंधराव्या राउंडपासून सुरू करू नका. आधीचे चौदा बघितल्याशिवाय पंधराव्याची किंमत कळणार नाही. नंतर मर्सर. अलीची लढत एकदा बघा, पुन्हा बघायची गरज नाही.

बघताना समालोचनाचा आवाज बंद ठेवा. कागदावर दोन रकाने आखा, प्रत्येक राउंड संपला की व्हिडिओ थांबवून जिंकणाऱ्याला १०, दुसऱ्याला ९ लिहा. जजेसचे आकडे नंतर बघा. विदरस्पूनच्या लढतीचा कागद तर रविवारी सोबतच घेऊन या, त्यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे.